भिंगताईचा सेकंडहँड कॅमेरा

हां, तर लोहचुंबक. सूनबाईने पर्समधून लोहचुंबक काढलं, कॅमेऱ्याच्या अंगाला लावणार, एवढ्यात दातांचे डॉक्टर असे ताडकन उठले की त्यांचा चहाचा कप बशीसकट टेबलावरून खाली. “अहो बाई! अहो, हे काय करताय?” सूनबाई दचकली. हातातल्या लोहचुंबकाकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. “सॉरी डॉक्टर. हाताला सवय आहे. आत पुट्टी भरलीय का बघत होते.”

“पुट्टी? कॅमेऱ्यात?”

काल नेमकी इथेच जेवायची हाक आली आणि मला उठावं लागलं. हाक आली की उठायचं, हा आमच्या घरचा कायदा. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून घेतो, म्हणजे डॉक्टर कोण आणि पुट्टीची काय भानगड ते कळेल.

आमची सूनबाई गाड्यांची सर्व्हेयर आहे. कुणी गाडी ठोकली की तो रडत विमा कंपनीकडे जातो आणि कंपनी हिला पाठवते. गाडीभोवती फिरायचं, पोचे बघायचे, आणि पत्रा आत्ताच्या धडकेत किती चेपला आणि गेल्या वर्षी फाटकाला घासून किती चेपला होता, ते वेगळं काढायचं. ती बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करते आणि कान देते. मग लोहचुंबक. चिकटलं तर पत्रा, घसरलं तर समजायचं की आत पुट्टी भरून वर रंग मारलाय. मालक शपथा घेत असतो, “मॅडम, गाडी एकदम शोरूमसारखी होती हो!” आणि ही म्हणते, “शोरूममध्ये पण ठोकली होती का?”

गॅरेजवाले तिला समोर मॅडम म्हणतात आणि पाठ वळली की भिंगताई. हे नाव माझ्या कानावर आलं तेव्हा मला इतकं आवडलं की मी ते घरी आणलं. तिला राग नाही. उलट फोनवर मला सांगते, “बाबा, भिंगताई बोलतेय, यायला उशीर होईल.”

ती आमच्या घरी पहिल्यांदा आली तो दिवस मला आठवतो. मुलगा म्हणाला, मैत्रीण आहे, चहाला येतेय. आम्ही काय ते समजलो. आली, बसली, चहा घेतला, निघताना दारात थांबली आणि माझ्या जुन्या कपाटाकडे बघत म्हणाली, “काका, हे कपाट कधीतरी तोंडावर पडलं होतं ना?” मी म्हटलं, छे, कधीच नाही. तेवढ्यात माझं लक्ष आमच्या हिच्याकडे गेलं. ही एकदम खिडकीबाहेर काहीतरी बघायला लागली होती. घर बदलताना कपाट पडलं होतं, हिने सुताराला गुपचूप बोलावून दार बसवून घेतलं होतं, आणि मला इतकी वर्षं पत्ता नव्हता! मुलगी गेल्यावर ही म्हणाली, “हुशार आहे, पण घरात आली तर माझं काही खरं नाही.” आणि आज दोघी मिळून माझी उलटतपासणी घेतात.

तर सूनबाईचं अर्धं काम फोटोंचं. कंपनीने दिलेल्या फोनवर फोटो काढायचे आणि लगेच ऑफिसला पाठवायचे. त्याची पद्धत ठरलेली. आधी पुढचा डावा कोपरा, मग पुढचा उजवा, मग मागचे दोन, मग जवळून एकेक पोचा. नंबरप्लेट दिसलीच पाहिजे. नंबर नाही तर गाडी नाही. फोटो हलला असेल तर ऑफिस परत पाठवतं. त्यामुळे हिचा हात असा स्थिर झालाय की काच ठेवली तर पडणार नाही.

एकदा एका गाडीची पुढची काच तडकली होती. आख्ख्या काचेवर बारीक जाळं, आणि मागून कलता सूर्य. ही म्हणाली, काचेच्या एकेका तुकड्यात वेगळा रंग पेटला होता. सगळे फोटो काढून झाल्यावर हिने एक फोटो नुसताच काढला, त्या उजेडाचा. तोही चुकून ऑफिसला गेला. ऑफिसातून विचारणा आली, “या फोटोत नुकसान कुठे आहे?” हिने लिहिलं, “नाही,” आणि फोटो पुसून टाकला. जेवताना हे तिने आम्हाला हसत हसत सांगितलं. आम्हीही हसलो. मग पाणी आणायला म्हणून उठली ती बराच वेळ आतच राहिली. मला वाटतं, कॅमेरा तिच्या डोक्यात शिरला तो त्या दिवशी.

नंतर आमच्या चिरंजिवांची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांकडे गेला, अर्धं तोंड बधिर करून बाहेरच्या बाकावर बसला, तर समोर भिंतीवर डॉक्टरांच्या हातची चिठ्ठी. फुल फ्रेम कॅमेरा आणि तीन लेन्स विकणे आहे, स्वतः वापरलेला. घरी येऊन त्याने एका गालानेच ही बातमी सांगितली. त्याला काय झालंय हे विचारायचं सोडून सूनबाईने विचारलं, “कुठली कुठली लेन्स आहे?”

मी विचारलं, “फुल फ्रेम म्हणजे काय गं?”

“बाबा, कॅमेऱ्याच्या आत उजेड झेलणारा एक तुकडा असतो. तो जुन्या रोलमधल्या फोटोएवढा मोठा असला की फुल फ्रेम. साध्या कॅमेऱ्यात तो लहान असतो, फोनमध्ये तर नखाएवढा. मोठा असला की जास्त उजेड मिळतो.”

“म्हणजे नळाखाली तांब्याऐवजी पातेलं धरल्यासारखं.”

“अगदी तसंच,” ती म्हणाली. सूनबाईंमध्ये हा एक गुण असतो, सासऱ्याला लगेच पास करतात.

नवा असता तर विषयच नव्हता. वापरलेला होता म्हणून निदान भांडण्यापुरता परवडत होता. मुलगा म्हणाला घे, आमची ही म्हणाली घे, मी म्हणालो घे. आता कुणी नको म्हणेना, म्हणून सूनबाई स्वतःशीच भांडायला लागली. “मला कुठे फोटो काढता येतात? मी आयुष्यभर मोडक्या वस्तूंचे फोटो काढलेत. मला धड असलेलं काही बघता येतं का, तेच मला माहीत नाही.” खरा प्रश्न हा होता, आणि तो पैशाने सुटणारा नव्हता.

शेवटी पेशंट संपल्यावर डॉक्टरांकडे जायचं ठरलं. वडीलधारं माणूस बरोबर असावं म्हणून मी गेलो, म्हणजे मला कुणी न्यायला तयार नव्हतं तरी गेलो. मानेला जाड पट्टा बांधलेले डॉक्टर आपल्या गोल स्टुलावर बसलेले. सूनबाई पेशंटच्या खुर्चीच्या कडेवर बसली आणि मांडीवर रुमाल अंथरून एकेक लेन्स त्यावर घेतली. “डॉक्टर, तो दिवा जरा इकडे करा.” डॉक्टरांनी आपला लोकांच्या तोंडात मारायचा दिवा ओढून लेन्सवर धरला. आता दोघं त्या लेन्सवर अशी वाकली, जणू लेन्सला रूट कॅनॉल करायचा आहे. आत बुरशी आहे का, धूळ किती, काच ढिली आहे का. आणि हिचा कामाचा सूर लागला, “लांबच्या लेन्सला डाव्या कडेला ओरखडा, जुना. हाताखालचं रबर सुटलंय. फिरवायची कडी जराशी घट्ट. कॅमेऱ्याचा पट्टा नंतर बदललेला.” मी मनात म्हटलं, संपलं! विकणाऱ्याच्या तोंडावर कुणी त्याच्या वस्तूचा असा पंचनामा करतं का?

त्यानंतर ते लोहचुंबक आलं. कप फुटला, पुट्टीचा खुलासा झाला, आणि डॉक्टर मान धरून हसायला लागले, कारण पट्ट्यामुळे त्यांना धड हसताही येत नव्हतं. म्हणाले, “बाई, या कॅमेऱ्याकडे इतकं निरखून मीसुद्धा कधी बघितलं नाही. आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून बघितलं, मान गेली. आता हा गळ्यात घातला की दुसऱ्या दिवशी काम करता येत नाही. असं करा, तुम्ही हा पुढच्या शनिवारपर्यंत घेऊन जा. फोटो काढा. पटला तर ठेवा, नाहीतर परत आणा.”

आता फोटोची तयारी ऐका. आमची ही ठेवणीतले कपडे घालून खुर्चीत बसली. मी शेजारी उभा, एकदम ताठ. ताठ उभं राहणं मला शाळेने शिकवलंय. आमच्या गावच्या शाळेत एकदाच फोटोवाला आला होता, तीन पायांवरची पेटी आणि काळं फडकं घेऊन. मास्तर म्हणाले, “जो हलेल त्याला छडी.” त्या फोटोत सगळी शाळा अशी दिसते, जणू आत्ताच पोलिसांनी पकडून आणलीय. तेव्हापासून कॅमेरा दिसला की माझे गुडघे आपोआप आवळतात.

सूनबाईने कॅमेरा डोळ्याला लावला आणि फिरायला लागली. पुढचा डावा कोपरा. पुढचा उजवा कोपरा. मग आमच्या मागे गेली.

“अगं, माझ्या पाठीमागे काय आहे?” ही म्हणाली.

“हलू नका आई, बघते.”

“पाठीमागे माझी पाठ आहे. ती मी पण बघितलेली नाही, तू कशाला बघतेस?”

मग जवळून. माझा पुढचा तुटका दात. हिच्या कानाची ओघळलेली पाळी, मुलगा लहान असताना डूल ओढून त्याने फाडलेली. मुलाच्या डोक्यावरचं विरळ होत चाललेलं गोल. “जरा दिव्याकडे वळा. आणखी थोडं. हां.” आणि मधेच म्हणते, “आई, खुर्ची जरा डावीकडे घ्या ना.” खुर्ची का सरकवली ते संध्याकाळी टीव्हीच्या पडद्यावर फोटो लावले तेव्हा कळलं. प्रत्येक लांबच्या फोटोत दारावरचा घरनंबर स्वच्छ दिसत होता!

पहिली काही मिनिटं कुणाला हसावं की नाही कळेना. मग मुलगा म्हणाला, “आई, तुझा क्लेम मंजूर. फक्त मागचा बंपर सोडून.”

“बंपर कुणाला म्हणतोस रे, गाढवा?” हिने उशी फेकून मारली आणि घर नुसतं हसण्याने भरून गेलं. ही तर रंगातच आली. “अगं, माझा अंगठा राहिला की! हा बघ, भाजी चिरताना कापला होता, ह्यांनी घाबरून माझ्याऐवजी स्वतःलाच पाणी पाजलं.” मी म्हटलं, मग माझा गुडघा पण घ्या, सायकलवरून पडलो तेव्हाचा. ही म्हणाली, तुमचा गुडघा काय मोठा, त्याला दोनच टाके. मी म्हटलं, तीन होते. त्यावर आमचं जे जुंपलं ते जेवणापर्यंत. मुलगा म्हणाला, “अगं, हीच तुझी खासियत आहे. प्रदर्शन भरव. घरातले पोचे!”

सूनबाई हसली सगळ्यांबरोबर. पण टीव्ही तिनेच उठून बंद केला.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली, बूट न काढताच माझ्याशेजारी पायरीवर बसली. म्हणाली, “बाबा, मला वाटलं होतं, कॅमेरा बदलला की माझं बघणं बदलेल. काल रागाने गच्चीवर गेले. सूर्य बुडत होता, आभाळ काय सुंदर होतं. मी फोटो काढला. नंतर बघितला तर मधोमध कठड्याची भेग. सूर्य कोपऱ्यात. तुम्हीसुद्धा मला ठोकलेल्या गाडीसारखे दिसता हो. मग एवढा मोठा कॅमेरा कशाला? त्याला माझा फोन पुरे. शनिवारी परत करते.”

मी म्हटलं, “होईल गं दुरुस्त. एवढ्यात काय?”

“आमच्या कामात एक शेरा असतो बाबा. दुरुस्तीपलीकडे.”

आतून आमची ही ओरडली, “कोण गं दुरुस्तीपलीकडे? हे ना? ते मी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सगळ्यांना सांगितलं होतं!”

सूनबाईला हसू आलं, पण ठरवलं ते ठरवलं. त्यानंतर तिने कॅमेऱ्याला हात लावला नाही. पिशवी कपाटावर गेली. मुलाने दोनदा समजावलं, दुसऱ्यांदा जरा जोरात समजावलं, तेव्हा त्याला बाहेरच्या खोलीत झोपावं लागलं. मला वाईट वाटलं ते कॅमेऱ्याचं नाही. एवढं काम करणारी पोरगी, स्वतःसाठी पहिल्यांदा काही मागितलं आणि स्वतःच नाही म्हणून मोकळी झाली.

शनिवार आला. सूनबाई जमिनीवर बसून कॅमेरा आवरत होती. लेन्स पुसून डब्यात ठेवल्या, मधली तेवढी कॅमेऱ्याला लावलेली राहिली. परत देण्याआधी आमचे सगळे फोटो पुसून टाकायचे म्हणून कॅमेरा हातात घेऊन बटणं दाबत होती. मुलगा दारात चहा घेऊन उभा. आणि आम्ही दोघं मोठ्या चादरीची घडी घालत होतो.

आता चादरीची घडी घालण्याची आमच्या हिची एक रीत आहे. दोन टोकं माझ्याकडे, दोन हिच्याकडे. एकदा झटकायची, मधे दुमडायची, आणि सुरकुती जावी म्हणून शेवटी ही असा हिसका देते की समोरच्याने पाय रोवले नसतील तर गेलाच. लग्नापासून हा हिसका चालू आहे. कधी द्यायचा ते ही सांगत नाही. विचारलं तर म्हणते, “सांगून दिला तर सुरकुती जात नाही.”

त्या दिवशी माझं लक्ष सूनबाईकडे होतं. हिसका आला. माझ्या हातातली टोकं सुटायच्या ऐवजी मीच चादरीबरोबर गेलो, एक पाय हवेत, सरळ मुलाच्या चहावर. मुलगा “बाबा, बाबा!” करत हात वर करतोय, चादर फुगून सगळ्यांच्या डोक्यावर, आणि ही खो खो हसतेय. आणि त्या गोंधळात मला कट, कट, कट असा आवाज ऐकू आला.

चादर खाली आली तेव्हा सूनबाईच्या डोळ्याला कॅमेरा होता. मग तो खाली घेऊन कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे बघत बसली. मला वाटलं, आता रडते की काय. तर ती हसायला लागली, इतकी की बसल्या जागी आडवी झाली. आम्ही सगळे तिच्याभोवती वाकलो.

फोटो बघण्यासारखा होता. अर्ध्या फोटोत नुसती चादर. मुलाच्या हाताचा नुसता फराटा, बोटं कुठली आणि कप कुठला कळेना. मी कडेला, एक खांदा आणि एक पाय, बाकीचा फोटोच्या बाहेर. आणि आमची ही, भुवयांपासून वरचं डोकं कापलेलं, तोंड आ वासून उघडं.

“माझं डोकं कुठंय?” ही म्हणाली.

“नाही आलं, आई.”

“मग हे हसतंय कोण?”

“तुम्हीच!”

तिने मला नंतर नीट समजावलं. सगळं स्वच्छ दिसावं म्हणून तिने उजेड आत घ्यायचं भोक बारीक ठेवलं होतं, कामाची सवय. भोक बारीक तर उजेड कमी, म्हणून आतला पडदा जास्त वेळ उघडा राहतो, आणि तेवढ्यात कुणी हललं की त्याचा फराटा. म्हणाली, “बाबा, माझ्या सगळ्या गाड्या उभ्या असतात. हलणाऱ्याचा फोटो मी जन्मात काढला नाही. आणि तुम्ही दोघंसुद्धा त्या दिवशी उभ्या गाडीसारखेच स्थिर होता की! आज फिरायला वेळच मिळाला नाही. ना कोपरा, ना नंबर.” आणि लगेच, “आई, परत एकदा घाला ना घडी!”

चादर उलगडली, पुन्हा घडी, पुन्हा हिसका. यावेळी मी पाय रोवून होतो, तर हीच माझ्या अंगावर आली. पुढचे फोटो पहिल्यापेक्षा वाईट. एकात फक्त छत. त्या दुपारी घरातल्या सगळ्या चादरींच्या घड्या झाल्या, धुतलेल्यांच्या आणि न धुतलेल्यांच्याही. मुलाने तर अंथरलेली ओढून आणली. पुसायचे ते फोटो पुसायचे राहूनच गेले.

संध्याकाळी मी पुन्हा वडीलधारा म्हणून तिच्याबरोबर. वाटेत काय ठरवलंस ते मी तिला विचारलं नाही, हे मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. दवाखान्यात शेवटचा पेशंट गाल धरून बाहेर पडला आणि आम्ही आत गेलो. सूनबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली. डॉक्टरांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना वाटलं, काम फिसकटलं. बिचाऱ्यांनी स्वतःच समजूत घातली, “असू द्या हो, जड आहे खरा. परत आणलात तरी काही हरकत नाही.” आणि पिशवी घ्यायला हात पुढे केला. तशी हिने पिशवी पोटाशी ओढून घेतली. डॉक्टरांचा हात तसाच राहिला. “म्हणजे?” ते म्हणाले. “फोटो कसे आले?”

“सगळे वाईट आलेत, डॉक्टर. आईंचं डोकं कापलंय, ह्यांचा हात हललाय, आमचे बाबा तर अर्धेच आलेत. एकसुद्धा ऑफिसने घेतला नसता. पण इतके वाईट फोटो मी आयुष्यात पहिल्यांदा काढलेत, आणि मला अजून काढायचेत, म्हणून मी हा परत देत नाही.”